ओट्यावरचं की उशाशी ठेवायचं? पाककृतींची पुस्तकं घेण्याआधी

पाककृतींची पुस्तकं जमवायची आहेत, सुरुवात कशी करू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: समोर ठेवून शिजवणार, की लोळत वाचणार? बहुतेक जण म्हणतात, दोन्ही. पण एकाच पुस्तकाला ही दोन्ही कामं क्वचितच जमतात. २०११ साली आलेल्या ‘मॉडर्निस्ट क्विझिन’ या सहा खंडांच्या अवाढव्य ग्रंथाने तर हे उघडच मान्य केलं. पाच खंड वाचायला आणि बघायला. स्वयंपाकघरात न्यायला सहावा वेगळा, स्पायरल बांधणीचा आणि पाणी सांडलं तरी पुसून घेता येईल अशा कागदाचा.

आधी ओट्यावरचं बघू, कारण त्याची परीक्षा सोपी आहे. पुस्तक मधोमध उघडून हात काढून घ्या. मिटलं तर ठेवून द्या. मग एखादी कृती पानाच्या मागे गेली आहे का ते पाहा. पीठ माखलेल्या हातांनी पान उलटायची वेळ आली की लेखकाच्या विद्वत्तेचं कौतुक उरत नाही. साहित्य ज्या क्रमाने लागतं त्याच क्रमाने दिलेलं असावं. भाजण्या-बेकण्याच्या पुस्तकात मापं ग्रॅममध्येच हवीत, कारण कप कसा भरला यावर कपभर मैदा सव्वाशे ग्रॅमही भरतो आणि दीडशेही. शेवटी सूची. घरात तीन वांगी पडली आहेत आणि सूचीत ‘वांगं’ सापडत नाही, तर बाकी पुस्तक कितीही देखणं असो, रोजच्या वापरात ते येणार नाही.

माझी स्वतःची कसोटी कांद्याची आहे. कांदा गडद तपकिरी व्हायला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सहज जातो. ‘दहा मिनिटं परता’ असं छापलेलं दिसलं, की लेखकाने ते लिहिताना कढईकडे पाहिलेलं नाही असं मी समजतो. ‘कडा सोनेरी होऊ लागल्या की आच कमी करा’ असं लिहिणाऱ्याच्या इतर मिनिटांवरही माझा विश्वास बसतो.

उशाशी ठेवायच्या पुस्तकाला यातलं काहीच लागू नाही. तिथे चूकसुद्धा मजेची असते. इसाबेला बीटन या इंग्लिश लेखिकेच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेवरच्या प्रसिद्ध ग्रंथात मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकळायला सांगितली आहेत. असं करायला कुणी जाणार नाही, पण त्या एका ओळीतून अख्खा काळ डोळ्यांपुढे येतो. पुस्तक आलं तेव्हा बीटनबाई पंचविशीच्या होत्या. त्यातल्या पुष्कळ कृती इतरांच्या पुस्तकांतून उचललेल्या, आणि ज्यांच्याकडून उचलल्या त्यांत एलायझा अ‍ॅक्टन ही आणखी एक इंग्लिश लेखिका होती.

या दोघींतलं एकच घ्यायचं असेल तर मी डोळे झाकून अ‍ॅक्टन सांगेन. त्यांचं पुस्तक १८४५ चं. साहित्य, प्रमाण आणि लागणारा वेळ कृतीपासून वेगळा काढून द्यायची पद्धत त्यांनी रुळवली; फक्त ही यादी त्या कृतीच्या शेवटी देत, बीटनबाईंनी ती वर आणली. पण अ‍ॅक्टन वाचायच्या त्या यादीसाठी नव्हे. बाई मूळच्या कवयित्री, आणि जिभेला धार. त्यांच्या पुस्तकात ‘प्रकाशकाचं पुडिंग’ आहे, बदाम, साय, मनुका, ब्रँडी असं सगळं घालून केलेलं. आणि ‘गरीब लेखकाचं पुडिंग’ही आहे: दूध, अंडी, साखर आणि वर लोणी लावलेल्या पावाचे तुकडे. मानधनाबद्दलची तक्रार इतक्या सभ्यपणे क्वचितच कुणी नोंदवली असेल! बीटनबाईंचं पुस्तक संदर्भासाठी चाळावं, अ‍ॅक्टन सलग वाचाव्यात.

मूळ जुनी प्रत घ्यावी की पुनर्मुद्रण? वाचायचंच असेल तर मूळ प्रतीच्या वाटेला जाऊ नका. या काळातली कितीतरी पुस्तकं इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. छापील हवं तर संपादकाची प्रस्तावना आणि टिपा असलेलं पुनर्मुद्रण शोधा. स्कॅनवरून मागणीनुसार छापलेल्या स्वस्त प्रतींत पानं गळालेली आणि चित्रं काळवंडलेली असण्याची बरीच शक्यता असते. आवृत्तीही तपासा. बीटनबाई १८६५ मध्ये गेल्या, त्यानंतर प्रकाशकांनी पुस्तक इतकं फुगवत नेलं, की विसाव्या शतकातली जाड प्रत हातात घेतली तर त्यात त्या फारशा सापडतच नाहीत.

मूळ प्रतीचा मोह ज्याला वस्तू म्हणूनच आहे त्याने खुशाल करावा. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुकडे होतो, आणि दमट जागी कसर लागते. विकणारे डाग पडलेली, समासात लिहिलेली प्रत सहसा कमी किमतीची धरतात. मला तीच हवी असते. ‘साखर निम्मी पुरे’ असं पेन्सिलने कुणीतरी लिहून ठेवलेलं पान कोऱ्या पानापेक्षा जास्त बोलतं, आणि वर स्वस्तही पडतं.

बड्या शेफमंडळींची चकचकीत पुस्तकं? फोटो सुरेख, पण एक कृती करायला आधी दुसऱ्या पानांवरच्या तीन कृती करून ठेवाव्या लागतात. ग्रंथालयातून आणा, बघा, परत करा.

ई-बुक ओट्यासाठी वाईट नाही. शोधायला झटपट, जागा शून्य. ओल्या हातांनी पडदा दाद देत नाही आणि ऐनवेळी काळा पडतो, एवढीच कटकट. वाचायला मात्र मला ते रुचत नाही, कारण अशी पुस्तकं आपण पहिल्या पानापासून वाचतच नाही. मधूनच उघडतो, सूपवरून लोणच्यावर उडी मारतो, मागे येतो. बोटांनी हे जमतं तसं पडद्यावर जमत नाही. शिवाय बरीच ई-पुस्तकं आपण विकत घेत नाही, नुसता वाचायचा परवाना घेतो. ती मैत्रिणीला देता येत नाहीत.

जमवायला लागल्यावर दिसेल ते घेण्यापेक्षा एक धागा धरा: फक्त पावाची पुस्तकं, किंवा एकाच दशकातली, किंवा एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. हा शेवटचा धागा मला सगळ्यांत रसाळ वाटतो. ‘जॉय ऑफ कुकिंग’ हे अमेरिकेतलं पाककृतींचं पुस्तक १९३१ मध्ये लेखिकेने पदरचे पैसे घालून छापलं आणि त्यानंतर ते पुनःपुन्हा नव्याने लिहिलं गेलं. १९९७ च्या आवृत्तीत लेखिकेचा गप्पिष्ट सूर इतका पुसला गेला, की वाचक नाराज झाले आणि २००६ मध्ये तो परत आणावा लागला. अशा दोन आवृत्त्या शेजारी ठेवून एकच कृती वाचायला तासभर लागतो, आणि गॅस पेटवायचीही गरज पडत नाही.