जीपीएसटेस्ट ॲप: घाट चढायच्या आधी एकदा उघडाच

ट्रेकच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणी ना कुणी 'जीपीएस बूस्टर' टाइप काहीतरी ढकलतंच, त्यात एक मोठं बटण असतं, ते दाबलं की काहीतरी गोल फिरतं आणि मग जाहिरात येते. त्यापेक्षा जीपीएसटेस्ट हे अँड्रॉइड ॲप घ्या, फोनला कुठले सॅटेलाइट मिळतायत ते दाखवतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, ओपन सोर्स आहे, शॉन बार्बो यांनी बनवलंय आणि उगाच मोठमोठ्या बाता मारत नाही.

आता फोनला जीपीएस लागायला वेळ का लागतो तर त्याला आधी सॅटेलाइट कुठे आहेत हे कळावं लागतं. अल्मनॅक म्हणजे एसटी स्टँडवरचा बोर्ड, कुठल्या गाड्या साधारण कधी ते कळतं, आणि एफेमेरिस म्हणजे ती गाडी आत्ता नेमकी कुठल्या वळणावर आहे ते. सॅटेलाइट हे सगळं सेकंदाला फक्त 50 बिट अशा मुंगीच्या वेगाने पाठवतो, त्यामुळे अख्खा अल्मनॅक उतरायला साडेबारा मिनिटं जातात. एफेमेरिस दर 30 सेकंदांनी परत येते पण मध्येच झाड आडवं आलं सिग्नल तुटला की पुन्हा थांबा, आणि चारेक तासात ती शिळी होते ते वेगळंच. फोनमधली जीपीएसची चिप हे सगळं स्वतःजवळ साठवून ठेवते, म्हणून सकाळी वापरलेला जीपीएस तासाभराने लगेच लागतो आणि आठवडाभर बंद ठेवलेला रडवतो.

ॲपमध्ये स्टेटस स्क्रीनवर प्रत्येक सॅटेलाइटची एक ओळ दिसते, पुढे त्या देशाचा झेंडा (नाविक या भारताच्या स्वतःच्या सॅटेलाइट यंत्रणेला तिरंगा, फोनच्या चिपमध्ये सोय असेल तर!), सिग्नलचा आकडा आणि शेवटी ए, ई, यू अशी अक्षरं. ए म्हणजे अल्मनॅक आहे, ई म्हणजे एफेमेरिस आहे, यू म्हणजे लोकेशन काढायला तो सॅटेलाइट खरंच वापरलाय. मोकळ्या मैदानात उभं राहून ही अक्षरं एकेक करून भरताना बघायला मला तर जाम मजा येते, घरचे म्हणतात वेड लागलंय.

पण खरं काम मेनूमधलं. 'इंजेक्ट पीएसडीएस' दाबलं की फोन नेटवरून सॅटेलाइटच्या पुढच्या काही दिवसांच्या जागांचा अंदाज उतरवून चिपला देतो (क्वालकॉमवाले त्याला एक्स्ट्रा म्हणतात), शेजारी 'इंजेक्ट टाइम' आहे तेही दाबून टाका. हे घरी वायफायवर किंवा निदान हायवेच्या चहाला करायचं, सांधण दरीजवळच्या साम्रदला गाडी लावल्यावर नेटवर्क शोधत बसून उपयोग नाही. काही फोन ही कमांड घेतच नाहीत, मग ॲपचाही इलाज नाही.

आणि 'क्लिअर असिस्ट डेटा' ला डोंगरात हात लावू नका प्लीज. त्याने साठवलेलं सगळं पुसलं जातं, नेट नसेल तर कोल्ड स्टार्ट, म्हणजे सगळं शून्यापासून, मग बसा आकाशाकडे बघत. लोकेशन सारखं भलतीकडेच दाखवत असेल तेव्हा घरी, नेट चालू असताना ते वापरायचं.

माझी तक्रार एकच की बॅकअप घेता येत नाही. आज उतरवलेला डेटा फाइलमध्ये ठेवला आणि हवा तेव्हा परत भरला असं हवं होतं, पण अँड्रॉइड ॲपला फक्त पुसायची आणि नवीन भरायची कमांड देतं, चिपच्या पोटातलं वाचू देत नाही, म्हणजे दोष ॲपचा नाहीच.

सांधण दरीत मात्र अपेक्षा ठेवू नका, वर आकाशाची पट्टीच दिसते तिथे डेटा कितीही ताजा असला तरी सॅटेलाइट कुठून आणणार. नवख्या माणसाला स्क्रीन जरा भारी वाटेल म्हणून अर्धा स्टार कापला, साडेचार. आयफोनवाल्यांनो, तुमच्याकडे ॲपल ही सॅटेलाइटची माहिती ॲपना देतच नाही, त्यामुळे शोधत बसू नका.