पित्ताशयाची शस्त्रक्रिया: त्याच दिवशी घरी, की एक रात्र रुग्णालयात?

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली की संध्याकाळीच घरी जायचे की एक रात्र थांबायचे, हा प्रश्न येतो. थांबण्याचा आग्रह बहुधा गुंतागुंतीच्या भीतीपोटी असतो. रक्तस्राव झालाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत लक्षात येतो आणि त्याच दिवशी घरी सोडतानाही तेवढा वेळ नाडी व रक्तदाब पाहिला जातो. पित्त गळण्याची लक्षणे मात्र अनेकदा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात ती सापडतीलच असे नाही. वाढती पोटदुखी, ताप किंवा कावीळ दिसताच परत यायचे, हे घरच्यांना दोन्ही पर्यायांत ठाऊक असलेच पाहिजे.

घरी जाणे प्रत्यक्षात अडते ते मळमळ, उलट्या आणि वेदना यांपाशी. घाटातल्या एसटीत उलटी होणारी, धूम्रपान न करणारी आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणारी स्त्री असेल, तर उलटीचे चारही प्रमुख जोखीमघटक एकत्र येतात आणि प्रतिबंधक औषध न दिल्यास अशा सुमारे ८० टक्के रुग्णांना हा त्रास होतो. प्रवासात उलटी होते, ही बाब भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावी, कारण डेक्सामेथासोन आणि ऑन्डान्सेट्रॉन ही उलटी रोखणारी औषधे वेळेवर दिल्यास धोका बराच कमी होतो. पोट फुगवण्यासाठी वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) चुरचुरते आणि खांदा दुखतो. याची पूर्वकल्पना नसलेला रुग्ण हृदयविकाराच्या शंकेने घाबरतो आणि त्याची घरी जाण्याची हिंमत होत नाही.

वेळेचा अडथळा त्याहून साधा, पण पुष्कळदा निर्णायक ठरतो. सकाळी पहिल्या क्रमांकावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन, लघवी करून, चालून दाखवू शकतो. दुपारी उशिरा टेबलावर गेलेल्याला तेवढी उसंतच मिळत नाही. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या आणि घरात जाणते माणूस असणाऱ्या रुग्णाने त्याच दिवशी जायला माझ्या मते हरकत नाही. पेठ तालुक्यातील पाड्यावरून नाशिकला आलेल्याने मात्र थांबावे, कारण रात्री घाटातून परत रुग्णालयात येणे हा खरा धोका आहे.

पित्ताशयाला तीव्र सूज असेल, पोट उघडावे लागले असेल, पोटातला द्रव बाहेर काढणारी नळी ठेवली असेल, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार असेल, किंवा पहिले २४ तास सोबत कोणी नसेल, तर मुक्कामच योग्य.

विम्याचा प्रश्न आधीच सोडवावा. २४ तास भरती असल्याशिवाय दावा मिळत नाही, या समजुतीने अनेक कुटुंबे विनाकारण थांबतात. डे-केअर, म्हणजे २४ तासांच्या आत घरी सोडण्याच्या, उपचारांना ही अट लागू नसते, मात्र आपल्या पॉलिसीत या शस्त्रक्रियेचा तसा समावेश आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.