प्रझेवाल्स्की आणि स्टालिन : चेहरा जुळतो, तारखा जुळत नाहीत

सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांडर बागेत, ॲडमिरल्टीजवळ, मध्य आशियाचा रशियन संशोधक-प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्कीचा 1892 चा अर्धपुतळा आहे. खाली ओझ्यासह बसलेला उंट, वर भरघोस मिशा आणि मागे वळवलेले केस. अनेकांना तो स्टालिनच वाटतो, आणि त्यावरूनच प्रझेवाल्स्की हा स्टालिनचा बाप असल्याची अफवा पसरली.

ती तपासायची तर कॅलेंडर काढावे. जॉर्जियातील गोरी या त्याच्या जन्मगावच्या चर्चमधील नोंदीप्रमाणे स्टालिनचा जन्म 18 डिसेंबर 1878 चा, म्हणजे गर्भधारणा त्याच वर्षीच्या मार्चच्या आसपास. तेव्हा पश्चिम चीनमधील लोप नोर सरोवराच्या मोहिमेवरून आजारी होऊन परतलेला प्रझेवाल्स्की आजच्या कझाकस्तानातील झैसानच्या रशियन ठाण्यावर होता, गोरीपासून तीन हजार किलोमीटरहून दूर. सोव्हिएत काळातील अधिकृत तारीख 21 डिसेंबर 1879 धरली तरी गणित जमत नाही. मार्च 1879 मध्ये तो झैसानहूनच तिबेटच्या मोहिमेवर निघाला. जुन्या रशियन पंचांगाचा बारा दिवसांचा फरकही इथे उपयोगी पडत नाही.

बाकी साम्य कुठले? एक स्मोलेन्स्ककडचा जमीनदार घराण्यातला, मेजर जनरल झालेला. दुसरा जॉर्जियन चांभाराचा मुलगा, 1945 मध्ये जनरलिसिमो, म्हणजे सर्वोच्च लष्करी हुद्द्यावर. मिशा मात्र त्या काळी हजारोंच्या तशाच होत्या.