पंपाला लावायचा नळा: दहा महिने वापरल्यावर

स्पेसर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पोकळ नळा. एका टोकाला दम्याचा पंप बसवायचा, दुसरं टोक ओठांत धरायचं. मला साडेतीनशेच्या आत पडला. सांगलीत केमिस्टकडे दोन-तीन कंपन्यांचे असतात, त्यातला हाताला लागला तो मी घेतला.

माझा डब्यांचा व्यवसाय आहे. रोजचे बावीस डबे, म्हणजे दिवसातनं दोनदा मोठी फोडणी. दमा सहा वर्षांचा. थंडीत फडात पाचट पेटवलं की, आणि उन्हाळ्यात चटणीसाठी डंकावर मिरची कुटायला गेलं की छाती भरलीच म्हणून समजायचं. पंप होता हो, चार वर्षांपासून होता. तरी रात्री अडीचला उठून बसायचं, पाठीला दोन उशा लावायच्या आणि घरघर ऐकत उजाडायची वाट बघायची. औषधच हलकं पडतंय असं वाटून दोनदा बदलूनही घेतलं.

मागच्या श्रावणात छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची तपासणी सांगितली. नळीत जोरात फुंकायचं आणि दम संपला तरी फुंकतच राहायचं. सिस्टर शेजारी उभी राहून "अजून, अजून, अजून" म्हणत असते, बाळंतपणाचीच आठवण येते. मग पंपाचे चार पफ घ्यायचे, पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि परत फुंकायचं. दुसऱ्यांदा आकडा बराच वाढला तर श्वासनळ्या आवळल्यात, पण औषधानं सुटतायत असं कळतं. तर ते चार पफ मी माझ्या पद्धतीनं घ्यायला लागले आणि पहिल्यालाच सिस्टरनं हात धरला. "काकू, धूर बाहेर येतोय बघा. औषध जिभेला पाजताय तुम्ही."

चार वर्षं!

झालं होतं असं की मी पंप आधी दाबायचे आणि श्वास मागनं घ्यायचे. दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमायला हवं, ते भल्याभल्यांना जमत नाही म्हणे. फवारा सुटतो इतक्या जोरात की निम्म्याहून जास्त औषध घशावर आपटून तिथंच राहतं. स्पेसर लावला की फवारा आधी नळ्यात थांबतो. जाड थेंब नळ्याच्या भिंतीला चिकटतात, बारीक तेवढे आपल्या श्वासाबरोबर आत जातात. रव्याची चाळणी म्हणा हवं तर. तोंडाजवळ एक छोटा पडदा असतो, श्वास ओढला की तो उघडतो आणि सोडला की मिटतो. तो टिक टिक हलताना दिसतो, त्यामुळं आपण बरोबर घेतोय का ते डोळ्यांनी कळतं. मला ही सोय सगळ्यात आवडली.

सिस्टरनं शिकवलेलं जसंच्या तसं: पंप चांगला हलवायचा, छातीतली हवा बाहेर सोडायची, नळा ओठांत घट्ट धरायचा, एकच पफ दाबायचा, सावकाश ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत दम धरायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं. दोन पफ एकदम नळ्यात सोडून काटकसर करू नये, औषध भिंतीलाच जातं. शेवटी खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची. रोजच्या पंपात ब्युडेसोनाइड नावाचं स्टिरॉइड असतं, ते तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी धरते. मला धरली होती. मी ती तंबाखूच्या मशेरीवर ढकलली होती, असो.

सासूबाईंचं म्हणणं, त्यात स्टिरॉइड आहे, सवय लागते. स्टिरॉइड आहे, खरं आहे. माझ्या पंपात एका पफाला 200 मायक्रोग्रॅम. असे पाच पफ झाले की एक मिलिग्रॅम होतो. आणि पूर्वी अटॅक आला की मी 20 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज गिळायचे, त्या पण स्टिरॉइडच्याच. औषधं वेगळी आहेत, तुलना तंतोतंत नाही. पण गोळी सगळ्या अंगात फिरते आणि पंपातलं मुख्यतः छातीत काम करतं, एवढं डॉक्टरांनी पटवलं. दहा महिन्यांत गोळ्यांचा कोर्स एकदाही लागला नाही. पंप तोच, औषध तेच, फक्त मध्ये हा नळा आला.

आता तक्रारी. एक, पर्समध्ये मावत नाही. दोन तुकडे सुटे करून डब्याच्या पिशवीत टाकते, तर ताकाच्या बाटलीशेजारी तो बघून गिऱ्हाईक विचारतात, हे काय? दोन, आतला कागद इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. धुवायचा कसा हे मला त्यामुळं उशिरा कळलं. मी आपली पदरानं लखलखीत पुसायचे. तसं केलं की प्लॅस्टिकवर वीज धरते, कंगव्यानं कागदाचे कपटे उचलतात ना तशी, आणि औषध भिंतीला ओढलं जातं. कोमट पाण्यात साबण घालून बुडवायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. माझा भांड्यांच्या जाळीत उपडा असतो. तीन, पडदा आता कडक झालाय, पहिल्यासारखा हलत नाही. वर्षाच्या आत नवा घ्यावा लागणार.

पंपाबद्दल पण एक सांगते, नळ्याचा त्यात दोष नाही. माझ्या जुन्या पंपावर आकडा नव्हता. औषध संपलं तरी आतला गॅस फुसफुसत राहतो आणि आपल्याला वाटतं आहे अजून. एका रात्री मी असा नुसता गॅस ओढत बसले होते. सध्याचा 120 पफांचा आहे, रोजचे चार, म्हणजे बरोबर महिना. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी नवीन पंप काढल्याची तारीख टाकते.

यंदा डंकावर गेले नाही, मुलाला पाठवलं. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची मिळून सात किलो होती. पोती घरात आली तेव्हा दोन शिंका आल्या, तेवढंच.

घेणार असाल तर आपला पंप बरोबर न्या आणि काउंटरवरच खोका उघडून बसवून बघा, काहींचं तोंड ढिलं बसतं. पडदा हलतोय ना तेही बघा. केमिस्ट तोंड वाकडं करतो, करू दे.