जुन्या ब्लेड पटरसोबत एक हंगाम

गेला संपूर्ण हंगाम मी गोल्फमध्ये एकाच जुन्या पटरने (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या क्लबने) खेळलो. हीलच्या (डोक्याच्या खेळाडूकडच्या) टोकाला शाफ्ट म्हणजे दांडा जोडलेला, पट्टीसारखा अरुंद आणि मागच्या बाजूला फक्त एक छोटी पातळ कड असलेला, विल्सन ८८०२ च्या घाटाचा हा ब्लेड आहे. त्याआधी अनेक वर्षे माझ्याकडे मॅलेट, म्हणजे रुंद, जाड डोक्याचा पटर होता, त्यामुळे पुढील मते त्या तुलनेतूनच आलेली आहेत. माझ्या दोन सोबत्यांनीही हा पटर काही फेऱ्यांसाठी मागून नेला होता आणि त्यांचे अनुभव माझ्यापेक्षा बरेच वेगळे निघाले.

या पटरचा स्वभाव ओळखायचा असेल तर शाफ्ट बोटावर आडवा तोलून पाहावा. मॅलेटच्या काही प्रकारांत फेस (चेंडूला लागणारी बाजू) आकाशाकडे पाहत स्थिर राहतो, पण इथे टो (डोक्याचे बाहेरचे टोक) थेट जमिनीकडे लोंबतो. याचा अर्थ असा की, मागे नेताना फेस आपोआप उघडतो आणि पुढे येताना मिटतो, बिजागरीवरच्या दारासारखा. ज्यांचा स्ट्रोक नैसर्गिकपणे किंचित कमानीतून फिरतो त्यांना हे दार हवेच असते. माझा एक सोबती मात्र पटर सरळ रेषेत मागे-पुढे नेणारा आहे, आणि त्याचे जवळजवळ सगळे चुकलेले पट (पटरचे फटके) होलच्या उजवीकडे गेले, कारण चेंडूला लागण्याच्या क्षणी फेस अजून उघडाच असायचा. तीन फेऱ्यांनंतर त्याने पटर परत केला आणि त्यात त्याचे काहीच चुकले नाही.

ब्लेडविषयी नेहमी सांगितले जाते की तो जवळच्या पटसाठी धोक्याचा आणि लांबच्या पटसाठी हाताला अंदाज देणारा असतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. चार-पाच फुटांवरून चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी अंतरच एवढे कमी असते की तो होलपर्यंत पोहोचतोच. शिवाय अरुंद फेस लक्ष्याशी काटकोनात ठेवणे मला मॅलेटवरच्या तीन-तीन रेषांपेक्षा सोपे गेले. चाळीस फुटांवरून मात्र तेवढीच चूक चेंडूला पाच-सहा फूट मागे ठेवते. कारण स्पष्ट आहे: या डोक्यात वजन दोन्ही टोकांना वाटलेले नाही, त्यामुळे चेंडू टोकाकडे लागला की डोके हातात वळते आणि धक्क्याचा काही भाग त्या वळण्यातच खर्च होतो. पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी हील आणि टो या दोन्ही टोकांना वजन देऊन हेच वळणे रोखले, आणि १९६६ मध्ये आलेल्या त्यांच्या पिंग अँसर या पटरनंतर पटरची जातच बदलली. लांबच्या पटवर ब्लेड अंदाज देतो हे खरे आहे, पण तो अंदाज चेंडू सुटून गेल्यावर मिळतो. तळहातात बसलेली झिणझिणी ‘अर्धा इंच टोच्या बाजूला’ असे अचूक सांगते आणि तेवढ्यात चेंडू थांबलेला असतो.

दुसरी अडचण लॉफ्टची, म्हणजे फेस वरच्या दिशेने किती कललेला आहे त्या कोनाची. जुने पटर ज्या ग्रीनसाठी घडवले गेले ती संथ आणि दाट गवताची होती, म्हणून चेंडू प्रथम गवतातून थोडा वर उचलावा लागे. बॉबी जोन्स यांनी १९३० मध्ये चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या तेव्हा त्यांच्या ‘कॅलॅमिटी जेन’ नावाच्या पटरला आजच्या सर्वसाधारण पटरच्या जवळपास दुप्पट लॉफ्ट होता. माझ्या पटरचा लॉफ्ट मोजला तेव्हा तो ५ अंश निघाला, आणि बारीक कापलेल्या वेगवान ग्रीनवर चेंडू सुरुवातीला स्पष्टपणे उडी मारत असे. स्ट्रोकच्या आधी हात किंचित पुढे झुकवल्याने तो दोष बराचसा गेला, पण ही सवय अंगवळणी पडेपर्यंत दोन महिने गेले. संथ ग्रीनवर मात्र हाच लॉफ्ट उपयोगी पडला.

जुना ब्लेड विकत घेणाऱ्याने डोक्याच्या चकाकीपेक्षा त्याचा कोन आधी पाहावा. बुल्सआय या जुन्या पटरच्या घाटाच्या पितळी डोक्यांचा धातू मऊ असतो. वर्षानुवर्षे इतर क्लबांवर आपटून फेसवर खळगे पडतात आणि लाय अँगलही (शाफ्ट आणि जमीन यांमधला कोन) बदललेला असू शकतो. मऊपणाचा फायदा एवढाच की जाणकार कारागीर तो कोन पुन्हा वाकवून देऊ शकतो. ग्रिप बदलताना जाड ग्रिप टाळावी. मी हौसेने ती बसवली आणि हलक्या डोक्याची जाणीवच नाहीशी झाली; शेवटी पुन्हा बारीक ग्रिप चढवली आणि डोक्यामागे शिशाची पातळ पट्टी चिकटवली.

दुसऱ्या सोबत्याला हा पटर मानवला, कारण तो मुळातच पटला एक छोटा आयर्न शॉट (लोखंडी डोक्याच्या क्लबचा फटका) समजून खेळतो. त्यावरून १९८७ चा रायडर कप (अमेरिका आणि युरोप यांच्यातली सांघिक स्पर्धा) आठवतो. ८८०२ जातीचा आपला ‘लिटल बेन’ रागाच्या भरात मोडल्यावर अमेरिकी गोल्फपटू बेन क्रेन्शॉ यांनी उरलेल्या होलवर १-आयर्नने आणि सँड वेजच्या (वाळूतून चेंडू काढण्याच्या क्लबच्या) कडेने पट केले. तो सामना ते हरले, पण शेवटच्या होलपर्यंत लढले. त्यांचा प्रयोग मी सरावात करून पाहिला आणि वेजच्या कडेने वीस चेंडू मारल्यानंतर ब्लेडचा फेस एकदम ऐसपैस वाटू लागला.

ज्यांचा स्ट्रोक कमानीचा आहे, ज्यांची नेहमीची ग्रीन फार वेगवान नाहीत आणि आठवड्यातून दोनदा सराव करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी हा पटर अवश्य घ्यावा. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मी स्वतः येत्या हंगामात वेगवान ग्रीनवर मॅलेट नेणार आहे आणि बाकी सर्वत्र ब्लेड. एकाच फेरीत चौदा क्लबांच्या मर्यादेत दोन्ही बसवायचे तर एक वेज घरी ठेवावा लागेल आणि ते मला परवडणारे नाही.