फायब्रोनेक्टिनचा तयार लेप असलेली ९६-वेल प्लेट : पेशी चिकटतात, पण नेमक्या कशाला?

पेशी तळाला चिकटली म्हणजे ती रिसेप्टरमुळेच (पेशीच्या पृष्ठभागावरील, ठरावीक रेणू धरणाऱ्या प्रथिनामुळेच) चिकटली, असे मानण्याची घाई प्रयोगशाळेत फार होते. वास्तविक साध्या प्लास्टिकवर सिरम (रक्तातील गोठणारा भाग काढल्यावर उरलेला द्रव) घातले, तरी त्यातील व्हिट्रोनेक्टिन हे प्रथिन तळाशी बसते आणि पेशी त्याला धरतात. पॉलिलायसिन या धनभारित रेणूच्या लेपावर तर निव्वळ विद्युतभाराच्या आकर्षणानेही त्या टिकतात. म्हणून फायब्रोनेक्टिन या पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनाचा लेप असलेल्या, ९६ छोट्या खळग्यांच्या (वेल्सच्या) या प्लेट तपासताना मी सिरमविरहित माध्यम वापरले आणि तळाची मोकळी जागा अल्ब्युमिनने (पेशी ज्याला चिकटत नाहीत अशा प्रथिनाने) झाकून घेतली.

पहिली खेप फसली, तेव्हा मी दोष प्लेटला दिला. तो अन्याय होता. पेशी सुट्या करण्यासाठी वापरलेल्या ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकरात जास्त वेळ राहिल्याने त्यांच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरच कापले गेले असावेत. पुढच्या खेपेला वेळ आवरता घेतल्यावर फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील पेशी) अर्ध्या तासात चिकटून पसरू लागले. फायब्रोनेक्टिनमधील ज्या तीन अमिनो आम्लांच्या क्रमाला रिसेप्टर धरतो, ते आरजीडी पेप्टाइड विद्राव्य रूपात आधी मिसळले, तेव्हा रिसेप्टर अडून बहुतेक पेशी धुण्यात निघून गेल्या. एकाच अमिनो आम्लाने वेगळे असलेले आरजीई पेप्टाइड घातल्यावर मात्र काहीही बिघडले नाही. इडीटीए या धातू-आयन बांधून ठेवणाऱ्या रसायनाने मॅग्नेशियम काढून घेताच पकड सुटली, कारण इंटेग्रिनला (या रिसेप्टरांच्या कुळाला) लिगँड, म्हणजे तो ज्याला धरतो तो रेणू, धरण्यासाठी द्विसंयुजी धातू-आयन लागतो. बंध इंटेग्रिनचाच आहे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये आरजीडी हा क्रम दाखवून दिल्यापासून नुसत्या पेप्टाइडचा लेप देण्याची सोपी वाट उपलब्ध आहे. तरीही संपूर्ण प्रथिनाला मी पसंती देतो, कारण फायब्रोनेक्टिन धरणाऱ्या अल्फा-५ बीटा-१ इंटेग्रिनला त्या प्रथिनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या टाइप-३ घटकांपैकी दहाव्यातील आरजीडीसोबत शेजारच्या नवव्या घटकातील साहाय्यक जागेचाही आधार मिळतो. मात्र प्लास्टिकवर बसताना रेणू उलगडला, तर या दोन जागांची परस्परांशी असलेली मांडणी बिघडते. उत्पादकाच्या पत्रकात दर चौरस सेंटिमीटरला किती प्रथिन आहे एवढेच दिले आहे. त्यातील किती रेणू रिसेप्टरला उपलब्ध आहेत, याचा उल्लेखही नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. लिगँडमधील अंतर सुमारे ७० नॅनोमीटरच्या पुढे गेले की इंटेग्रिनचे पुंजके नीट जमत नाहीत आणि पकड कच्ची राहते, हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

कडेच्या वेल्समध्ये पेशी सातत्याने कमी टिकल्या, आणि हा फरक जोराने धुतल्यावरच स्पष्ट दिसला. बेल यांनी १९७८ मध्ये मांडल्याप्रमाणे ताण वाढला की बंध तुटण्याचा वेग घातांकी वाढतो (अल्फा-५ बीटा-१ चा बंध मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत ताणाखाली उलट जास्त काळ टिकतो). त्यामुळे हाताने पिपेट मारून केलेल्या मोजणीसाठी मी फक्त मधल्या ६० वेल्स वापरतो. पेशी चिकटल्या की नाही, एवढेच पाहायचे असेल तर प्लेट उत्तम आहे; बंधाची ताकद मोजायची असेल, तर लेप स्वतःच द्यावा आणि तो वाळू देऊ नये.