सीमॉय की ओटू? हेडफोन अ‍ॅम्पचं पहिलं किट

सीमॉय आणि ओटू ही घरी सोल्डर करून बनवायच्या हेडफोन अ‍ॅम्पची दोन डिझाइन्स. सीमॉयमध्ये मोजकेच पार्ट: एक ओपीए२१३४ (आवाज वाढवणारी ऑपॅम्प आयसी), ९ व्होल्टची बॅटरी, २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. हरवलेला रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. पण इथे ग्राउंड (सर्किटचा शून्य व्होल्टचा बिंदू) म्हणजे ४.७ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी दुभागलेली बॅटरी. ३२ ओहमचा हेडफोन जोरात वाजवला की तो ग्राउंडच सरकतो, आवाज फाटतो. ३०० ओहमला करंट कमी लागतो, मात्र तिथे व्होल्टेज तोकडं पडतं.

ओटूत दोन बॅटऱ्या, त्यांचा मधला जोड हाच ग्राउंड, म्हणून तो पक्का. आउटपुटला दोन एनजेएम४५५६ ऑपॅम्प. सोल्डरिंग जास्त, पण किट घ्यायचं तर ओटूचंच. अ‍ॅडॅप्टर एसी आउटपुटचाच मागा. दुकानदार सवयीने डीसी देतो आणि मग प्लस-मायनस अशा दोन पुरवठ्यांपैकी (रेल) एकच भरते.

दोन्हींत हेडफोन लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या वर दिसला तर आधी आयसीची खाच बघून ती उलटी बसली नाही ना, हे तपासा.